कालवडीला कांडी भरताना वळू बघा

मा. संपादक साहेब,

आपल्या जिल्ह्यात कुठल्याबी दूध संस्थेच्या दारात गेलं की फॅट आणि दर ह्यावरच बोलणं चालतं, ते बरोबरच आहे, पण कालवडी व्यायला अडतात त्याबद्दल कुणी पेपरला लिहीत नाही म्हणून हे पत्र. मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या गोठ्यात एक पहिलारू एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) कालवड अडली. पुढचे दोन्ही पाय बाहेर, जीभ निळी पडलेली आणि डोकं काय सुटंना, शेवटी डॉक्टर आले, चौघांनी दोरी लावून ओढलं, खोंड मेलेलं निघालं आणि कालवड दोन दिवस मागच्या पायावर उभी राहिली नाही. लोक म्हणाले नशीब, कुणी म्हणालं पेंड जास्त झाली. कृत्रिम रेतनाचं, म्हणजे वळूच्या वीर्याची कांडी भरल्याचं, कार्ड बघितलं तर वळूच्या नंबरची जागा कोरी!

खाद्य, कालवडीचं वय, पोटात वासरू आडवं असणं ही कारणं असतातच, नाही म्हणत नाही. पण वासरू किती मोठं होणार ह्यातला रक्तातून येणारा भाग निम्मा वळूकडनं येतो. एचएफचं वासरू जन्मताना चाळीस किलोच्या आसपास असतं, जर्सीचं पंचवीसच्या आसपास, त्यात पाडा पाडीपेक्षा थोडा जडच असतो. आणि एकाच जातीतल्या दोन वळूंत पण फरक पडतो. अमेरिकेत एचएफ वळूच्या कॅटलॉगमध्ये दुधाच्या आकड्यांबरोबर दोन आकडे वेगळे छापतात, एक ह्या वळूची वासरं जन्मताना किती अडतात त्याचा आणि दुसरा ह्याच्या मुली स्वतः विताना किती अडतात त्याचा. दोन्ही बघायला लागतात, कारण नुसता बारीक वासराचा वळू निवडत गेलं तर पुढं त्याच्या मुलीच लहान अंगाच्या, अरुंद कमरेच्या निघायची शक्यता असते, म्हणजे आज सुटलो आणि पुढच्या पिढीत अडकलो.

आता मुद्दा असा की वीण सोपी का अवघड जाते ह्या गुणाची आनुवंशिकता, म्हणजे जनावरा-जनावरातल्या फरकात रक्तातून येणारा वाटा, लई कमी आहे, बहुतेक अभ्यासात साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या मधे येते. त्यामुळं एका गोठ्यातली एक गाय अडली म्हणून वळू वाईट असं कुणालाच म्हणता येत नाही, त्याच वळूची शेकडो वासरं वेगवेगळ्या गोठ्यात कशी जन्मली ते लिहून ठेवलं तरच खरं कळतं. आणि आपल्याकडं लिहितंय कोण? गाय व्याली की पाडी का पाडा एवढंच विचारतात, सुखानं व्याली का ओढून काढायला लागली हे कोण विचारत नाही.

म्हणून संघांना आणि पशुसंवर्धन खात्याला कळकळीची विनंती आहे, रेतनाच्या कार्डावर वळूचा नंबर लिहिल्याशिवाय पैसे घेऊ नका, व्याल्यावर स्वतः व्याली, हातानं मदत केली का डॉक्टर बोलावला एवढ्या तीन खुणांतली एक करून घ्या, कानातल्या बिल्ल्यावर नोंद जोडायला काही अवघड नाही. आणि हे आकडे जमेपर्यंत पहिलारू कालवडीला सहज विणीचा म्हणून माहीत असलेला वळू, नाहीतर जर्सीची कांडी वापरा, किंवा बहुतेक वेळा पाडीच होणारं लिंगनिर्धारित सिमेन द्या, ते तर आता आपल्याकडं पण मिळतंय. जास्त दुधाच्या मोठ्या वळूची कांडी दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या गाईला भरली तरी चालते की.

आपला,
एक दूध उत्पादक, ता. करवीर, जि. कोल्हापूर