पाकीट फोडण्याआधी विचारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

अभ्यासासाठी रक्त न्यायला सातपुड्यात बरेच जण येऊन गेले. रिपोर्ट द्यायला परत आलात त्या तुम्ही. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर सिकलसेलचं, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, काम करणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहितोय. उघडपणे लिहितोय, कारण सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांच्या नजरेलाही ते पडावं असं मनापासून वाटतं.

आभार कशाकशाचे मानायचे? तुम्ही एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी, करून पक्का निकाल आणलात. गाडीरस्ता संपला तिथून पायी आलात. आशाताईंचे जेवढे दिवस मोडले तेवढ्यांचे पैसे चुकते केलेत. हे सगळं मोठंच आहे. पण आमच्या मनात घर करून राहिलंय ते एक वाक्य.

हातात पाकीट, ओट्यावर घरातली सहा-सात माणसं, दारात शेजारीपाजारी गोळा झालेले. पाकिटावर ज्याचं नाव होतं त्याच्याकडे वळून तुम्ही विचारलंत, "हे सगळ्यांसमोर सांगू, की तुम्हाला एकट्याला?" आशाताईंनी ते पावरी बोलीत सांगितलं. उत्तर येईपर्यंत तुम्ही पाकिटाला बोट लावलं नाहीत. हे प्रत्येक घरी झालं, प्रत्येक माणसाच्या बाबतीत. अकरावीतल्या एका मुलीने खाली बघत "एकटीला" म्हटलं, तेव्हा तुम्ही तिला घरामागच्या मोहाखाली घेऊन गेलात आणि बाकीच्यांना आशाताईंनी पाणी देत बोलण्यात गुंतवलं. थोड्या वेळाने ती मुलगी स्वतःच आईला बोलवायला आली.

बाहेरच्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. म्हणून याआधी काय झालं ते सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी एक पथक आलं. कुठल्या संस्थेचं ते इथे लिहीत नाही. आश्रमशाळेत मुलांची रांग लावली, बोटातून रक्त घेतलं, तिथेच चाचणी केली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी पॉझिटिव्ह मुलांची नावं मोठ्याने वाचली आणि गाडी गेली. ती परत आलीच नाही.

ती चाचणी होती सोल्युबिलिटीची. दोन मिलीलीटर द्रावणात २० मायक्रोलीटर रक्त टाकायचं. द्रावणातलं सॅपोनिन लाल पेशी फोडतं, सोडियम डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेतं, आणि ऑक्सिजन गेलेलं एस हिमोग्लोबिन, म्हणजे सिकलसेलमधलं बदललेलं हिमोग्लोबिन, विरघळत नाही. पाच मिनिटांनी नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणाने झाकल्या तर पॉझिटिव्ह. चाचणी स्वस्त आहे आणि पहिली चाळणी म्हणून फार उपयोगाची आहे. पण ती एवढंच सांगते की रक्तात एस आहे. माणूस एएस पॅटर्नचा, म्हणजे फक्त वाहक, की एसएस पॅटर्नचा, म्हणजे रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी त्याच माणसाचं रक्त ईडीटीएच्या, म्हणजे रक्त साकळू न देणाऱ्या, नळीत घेऊन इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणं) किंवा एचपीएलसी करावं लागतं. साध्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्येही एस आणि डी या दोन वेगळ्या हिमोग्लोबिनचे पट्टे एकाच जागी येतात, म्हणून शंका राहिली की एचपीएलसीच लागतं.

निगेटिव्ह आलेल्यांचंही तसंच. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून जास्त असतं, तिथे ही चाचणी फसते. हिमोग्लोबिन सात ग्रॅमच्या खाली गेलेलं असेल किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल तरी फसते. द्रावणाची बाटली उघडी राहिली, उन्हात तापली की डायथायोनाइट निकामी होतं आणि सगळं गावच निगेटिव्ह येतं. त्यासाठी दररोज काम सुरू करताना आधी माहीत असलेल्या एका वाहकाच्या आणि एका निरोगी माणसाच्या रक्तावर द्रावण तपासून घ्यायचं असतं. तुम्ही ते रोज करत होतात, वहीत नोंदवत होतात. त्या पथकाच्या हातात आम्ही तशी वही पाहिली नाही.

नावं वाचून ते गेले आणि इथे उरलं ते असं. धडधाकट वाहक मुलांना घरच्यांनी खेळायचं, पळायचं बंद केलं. वाहकाला ना औषध लागतं ना पथ्य. त्याला फक्त जोडीदाराची तपासणी व्हायला हवी हे माहीत असावं लागतं. मुलींना 'सिकलवाली' म्हणायला लागले, ठरत आलेली लग्नं फिसकटली. आणि खरी एसएस पॅटर्नची मुलं त्याच गर्दीत हरवली. त्यांची हाडं दुखायची, डोळे पिवळे व्हायचे, आणि शिक्षक म्हणायचे शाळा बुडवायला सोंग करतो. दवाखान्यात रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मिळायच्या. लोहाची खरोखर कमतरता आहे का हे न तपासता त्या देत राहणं बरोबर नाही. वरचेवर रक्त चढवाव्या लागणाऱ्या रुग्णाच्या अंगात तर लोह आधीच साठत असतं. ज्यांच्या रक्ताने प्रबंधातल्या टक्केवाऱ्या तयार झाल्या, त्यांच्या हाती एक चिठ्ठीसुद्धा आली नाही.

म्हणून तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा लोकांनी दारं लावून घेतली, ताई. त्याचा राग तुम्ही धरला नाहीत. "परत येईन" म्हणालात, आणि आम्हीसुद्धा ते खरं मानलं नव्हतं. हे आज कबूल करायला हवं.

तुमच्या कामातल्या बारीकसारीक गोष्टी इथे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे कोणी या डोंगरात आलं तर उपयोगी पडतील.

एकेका पाड्यावर एकाच नावाची, एकाच आडनावाची चार-चार माणसं असतात. नुसतं नाव आणि वय लिहिलं की रिपोर्टची अदलाबदल ठरलेली. तुम्ही नावाबरोबर आईचं नाव, पाडा आणि घराची खूण लिहिलीत. नळीवर शाईच्या पेनाने लिहिलं तर बर्फपेटीतल्या ओलाव्याने अक्षर पुसतं, म्हणून तुम्ही पेन्सिलने लिहून वर पारदर्शक पट्टी चिकटवलीत. नळ्या बर्फाच्या पिशवीला टेकू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा घातलात, कारण रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो.

रिपोर्ट वाटायला तुम्ही दिवाळीच्या आधीचे दिवस निवडलेत. दिवाळी झाली की निम्मे पाडे ऊसतोडीला आणि सौराष्ट्रात शेतमजुरीला जातात, ते होळीलाच परततात. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात जानेवारी सोयीचा असतो. जानेवारीत इथे म्हाताऱ्या माणसांशिवाय आणि कुलपांशिवाय काही सापडत नाही. आणि घरी जायची वेळ तुम्ही संध्याकाळची धरलीत, माणसं शेतातून आल्यावरची.

दोघंही वाहक असलेल्या नवरा-बायकोला तुम्ही दाण्यांनी समजावलंत. आईपुढे एक मक्याचा आणि एक उडदाचा दाणा, बापापुढेही तसेच. दोघांनी डोळे मिटून एकेक दाणा उचलायचा. दोन्ही मका आले तर मूल निरोगी, एक मका एक उडीद आला तर वाहक, दोन्ही उडीद आले तर रुग्ण. चारात एक, चारात दोन, चारात एक. एवढं बरेच जण सांगतात. तुम्ही पुढचं सांगितलंत, आणि तिथेच लोक नेहमी चुकतात: उचललेले दाणे परत जागेवर ठेवायचे आणि पुढच्या मुलासाठी पुन्हा नव्याने उचलायचे. एक मूल आजारी निघालं म्हणजे आता पुढची तीन चांगली होणार, असं धरून बसलेली घरं आम्ही पाहिली आहेत. त्या जोडप्याने सलग दोनदा उडीद-उडीद उचलले तेव्हा ओट्यावर कोणीच बोललं नाही. आता गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच नवऱ्याचीही तपासणी करून घ्यायची, हे ओट्यावरच्या बाकीच्यांना कोणी वेगळं सांगायची गरज राहिली नाही.

एसएस पॅटर्नच्या मुलांच्या रिपोर्टमागे तुम्ही हाताने लिहिलंत. ताप १०१ च्या वर गेला तर घरी थांबायचं नाही. डाव्या बरगडीखाली पोट एकाएकी फुगलं आणि मूल पांढरं पडलं तर प्लीहेत रक्त साठतंय, त्याच तासाला निघायचं. खोकला, धाप आणि छातीत दुखणं एकत्र आलं तरी तसंच. पाणी भरपूर, थंडीत अंगभर कपडे, फॉलिक ॲसिड रोज. वेदनेचे झटके कमी करणारं औषध हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांनी वजनावर ठरवायचं आणि मध्ये मध्ये पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तपासत राहायचं. ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल १५ किलोच्या मुलाला अंदाजाने फोडून द्यायची नाही. किलोमागे १० मिलिग्रॅम धरले तरी त्याचा डोस १५० होतो. आणि त्याखाली एक ओळ: एसटीचा सवलतीचा पास मिळतो, अपंगत्वाचा दाखला मिळू शकतो.

ती शेवटची ओळ वाचून आमच्यातल्या जुन्या माणसांना भरून आलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला तो फुकट आला नाही. नागपुरात संपत रामटेके आणि त्यांच्या सिकलसेल सोसायटीने त्यासाठी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले. पुण्याहून डॉ. सुदाम काटे आदिवासी भागांत हा आजार शोधत फिरले. ती माणसं झिजली आणि हक्क कागदावर आला. पण आजही त्या कायद्यातलं नोकरीतलं चार टक्के आरक्षण सिकलसेलच्या रुग्णाला लागू नाही, आणि उच्च शिक्षणातल्या पाच टक्के जागांसाठी ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. महिन्यातून चार दिवस वेदनेने तळमळणारा आणि उरलेले दिवस चालता-फिरता दिसणारा मुलगा तपासणीच्या टेबलावर ४० टक्के कसा दाखवणार? यावर लढणं बाकी आहे.

हा आजार आदिवासींच्या, दलितांच्या रक्तात जास्त का, याचंही उत्तर तुम्ही ओट्यावर दिलंत. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे वाहक मूल त्यातून जास्त तगलं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. इथल्या म्हाताऱ्यांना कोणीतरी हे पाप म्हणून सांगितलं होतं, कोणी आपसातल्या लग्नांचा दोष म्हणून. तुमच्याकडून ऐकल्यावर एक आजोबा म्हणाले, "मग हे आमच्या बापजाद्यांना वाचवणारं रक्त आहे." त्या वाक्यावर तुम्ही मान हलवलीत, आणि लगेच सांगितलंत की एसएस पॅटर्नच्या मुलाला मात्र मलेरिया जास्त घातक ठरतो, म्हणून त्याची मच्छरदाणी चुकवू नका.

विद्यापीठांतल्या लोकांशी आमचं भांडण रक्त नेण्यावरून नाही. अभ्यास व्हायलाच हवेत. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई लोकांचं रक्त १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून नेलं आणि त्यांना न सांगता स्किझोफ्रेनियावर आणि त्यांचे पूर्वज कुठून आले यावर वापरलं. ते लोक भांडले. २०१० मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आदिवासींसाठी त्यात वेगळी काळजी सांगितली आहे. संमतीच्या कागदावर अंगठे व्यवस्थित घेतले जातात. पण संशोधनाच्या अंदाजपत्रकात रिपोर्ट परत द्यायचा खर्च किती जण धरतात? गाडी, भाषा येणारा माणूस, पॉझिटिव्ह नमुन्यांची पक्की चाचणी आणि दुसऱ्या फेरीचे दिवस, एवढाच तो आहे. तुम्ही तो पहिल्या दिवसापासून धरला होतात, हे तुमच्या अर्जाची प्रत पाहिल्यावर कळलं. २०२३ मध्ये सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तिथेही तपासलेल्यांच्या आकड्याशेजारी निकाल हातात पोचलेल्यांचा आकडा लिहावा, एवढीच आमची मागणी आहे.

तुमच्यावर तुमच्या विभागात काय बोललं गेलं तेही कानावर आलं आहे. वर्ष वाया घालवलं, निबंध मागे पडला. त्या मंडळींनी एकदा यावं, आम्ही मोहाखालची जागा दाखवू.

चांगुलपणा शिकवता येतो का, माहीत नाही. पण तुमच्यानंतर आमच्या आशाताईसुद्धा क्षयाचा निकाल सांगताना, गरोदरपणाची चाचणी केल्यावर, आधी तेच विचारायला लागल्या आहेत: सगळ्यांसमोर सांगू, की एकट्याला?

अकरा पाकिटं अजून द्यायची राहिली आहेत. ती घरं तुम्ही यायच्या आधीच ऊसतोडीला गेली होती. पाकिटं आशाताईंच्या पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आहेत, कोणी उघडलेली नाहीत. त्यातली दोन एसएसची आहेत असं तुम्ही सांगून गेलात, कुणाची ते सांगितलं नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार भरेल तेव्हा ती माणसं येतील. तुम्ही दोन दिवस आधी या. राहायची सोय केली आहे.

तुमचे,
धडगावच्या पाड्यांवरचे सिकलसेल कार्यकर्ते