मुक्तास, सड्यावर जाण्याआधी

देवरुख

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा मी बुटांचा विषय काढला आणि तू फोन ठेवलास. तेव्हा या पत्रात बूट नाहीत. सोमवारी विंचवांचे फोटो काढायला रात्री सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, निघण्याआधी फक्त फोटोंचं वाच. अतिनील उजेडात विंचू चमकतो, तोच फोटो तुला हवा.

अतिनील टॉर्च ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा घे, तोंडाला काळी काच असलेला. ३९५चा स्वस्तात मिळतो आणि विंचू त्यातही चमकतो, पण त्याचा जांभळा उजेड सगळ्या कातळावर सांडतो आणि विंचवाचा निळसर हिरवा रंग त्यात मळून जातो. लेन्सवर अतिनील अडवणारा फिकट पिवळा फिल्टर लाव, नाहीतर चित्रावर धुकं धरतं. तुझ्या डोळ्यांतही तेच होतं, कारण डोळ्यातलं भिंग अतिनीलात स्वतःच उजळतं. अतिनील अडवणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा घातलास की डोळेही वाचतात आणि रंगही स्वच्छ दिसतो. पांढरा शर्ट नको. धुण्याच्या पावडरीतल्या उजाळा देणाऱ्या द्रव्यामुळे तोही चमकतो आणि त्याची निळी झाक विंचवावर पडते. लेन्स पुसलेल्या टिश्यूचे तंतूसुद्धा फोटोत ठिपके होऊन बसतात.

कॅमेरा मॅन्युअलवर ठेव. आयएसओ ४००, एफ/८, शटर आठ-दहा सेकंद उघडं, इथून सुरुवात कर. तेवढ्या वेळात टॉर्च दोन फुटांवरून दोन्ही बाजूंनी सावकाश फिरव. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडलास तर तो हा रंग ‘दुरुस्त’ करायला जातो. डेलाइटवर ठेव आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढ. भोवतीचा काळोख बघून कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटरही फसतो, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, रंगवार बघ. निळा किंवा हिरवा उजव्या कडेला आपटला की शेपटीवरचे दाणेदार कंगोरे गेलेच म्हणून समज. जात ओळखायला तुझे संशोधक तेच कंगोरे बघतात. भिंतीवर फोटो कितीही झकास दिसला, तरी त्यांना तो निरुपयोगी.

अतिनील उजेड विंचवाला सोसत नाही, तो आडोसा शोधत पळतो. मग दहा सेकंदांत आठाचे सोळा पाय उमटतात. म्हणून चौकट आणि फोकस मंद तांबड्या दिव्यात लावून घे आणि टॉर्च फक्त शटर उघडं असताना पेटव. मॅक्रो लेन्स १०० एमएमची ने. पाठीमागचा पसारा कमी येतो वगैरे कारणं आहेतच, पण खरं सांगायचं तर हात लांब राहतो म्हणून. पान आडवं आलं तर लांब चिमटा वापर, बोटं नकोत. डोळा कॅमेऱ्याला लागलेला असताना गुडघा कुठे टेकतोय ते कोण बघतं? आधी सगळी जागा टॉर्चखाली बघून घे, मगच ताडपत्री अंथर. आणि बूट घोट्याच्या वर येणारे.

आलेच बूट. इंगळी, म्हणजे मोठा काळा विंचू, दिसायला भयंकर, पण भीती तिची नाही. पुढचे चिमटे बारीक आणि शेपटी जाड दिसली की दोन पावलं मागे. तो लाल विंचू. डंखानंतर उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, आणि मग हृदय, फुप्फुसं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर प्रझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार बसवला, १९८६ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि कोकणातली किती घरं त्यामुळे तरली. पण गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. सड्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयात औषध आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे सोमवारच्या आधी विचारून घे. ‘बघू, उतरेल’ म्हणत मंत्रवाल्याकडे थांबायचं नाही. नानीच्या वेळेस काय झालं ते तुला सांगायला नको.

भाषण झालं. माफ कर. तुला हे माझ्याइतकंच माहीत आहे, बहुधा जास्तच. तू सहा वर्षांची असताना न्हाणीमागच्या लाकडांत बॅटरी मारून विंचू मोजायचीस आणि आईला वरून आकडा ओरडून सांगायचीस. ती तेव्हाही चिडायची, आताही चिडते, पण तालुक्याच्या वाचनालयात लागलेला तुझा फोटो बघायला तीन वेळा जाऊन आली. मी गेलो तेव्हा खाली उभे असलेले दोघे म्हणत होते, ‘काजव्यागत पेटतो बघ.’

तेवढंच मला खटकलं. तो काजव्यासारखा पेटत नाही. स्वतःचा उजेड त्याला नाही; कवचातली द्रव्यं अतिनील शोषून निळा-हिरवा प्रकाश सोडतात, आणि कात टाकल्यावर नवं कवच टणक होईपर्यंत तो चमकतही नाही. हे का होतं, त्याचा विंचवाला उपयोग काय, यावर अजून एकमत नाही. तेही फोटोखाली लिहायला लाजू नकोस, पोरांना तेच जास्त आवडेल. शेजारी त्याच विंचवाचा साध्या उजेडातला फोटो लाव, त्याच कोनातून, मिलिमीटरची पट्टी ठेवून. आणि रंग गडद करायचा मोह आवर. संगणकावर सॅच्युरेशन ओढलेला विंचू लोकांनी एकदा पाहिला, की सड्यावरचा खरा त्यांना फिका वाटणार.

आईने लोकरीचे मोजे दिलेत. बुटांत घालण्यासाठी, असं ती म्हणते. मी काही बोललो नाही.

तुझा,
बाबा

ता. क. फोटो बाहेर देण्याआधी त्यातली जीपीएसची, म्हणजे जागेची, नोंद काढून टाक. दुर्मीळ विंचू पकडून विकणारे असतात, आणि त्यांना सड्याचा नेमका पत्ता आपण का द्यायचा? फोटोखाली फक्त जिल्हा लिही.