दत्तूस, पोर्चेस्टरहून

पोर्चेस्टर, इंग्लंड, १० मे

प्रिय दत्तू,

तुझ्या मेसेजना उत्तर नाही म्हणून तू फुगून बसला असशील, बस. आधी प्रकृती: माझी साखर गोळीवर ताब्यात, स्मिताची पाठ बरी, पोरं वाढताहेत. झालं. आता खरं सांगतो. मी एक बोट बघून आलोय. शिडाची, जुनी, विकाऊ.

हसलास ना? म्हणूनच फोन केला नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि शेजारी वहिनी असते. ती पाच मिनिटांत स्मिताला कळवणार. स्मिताला अजून काही माहीत नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाच.

बोटीचा प्रकार वेस्टर्ली सेंटॉर. १९६९ ते १९८० या काळात अशा जवळजवळ अडीच हजार बोटी बांधल्या गेल्या, त्याही इथून जवळच, वॉटरलूव्हिलला. लांबी २६ फूट, वजन तीन टन, सगळी फायबरची. आत चार-पाच माणसं झोपतील, म्हणजे तुझ्यासारखं घोरणारं नसेल तर. खरी गंमत बुडाखाली आहे. तिला एक कील, म्हणजे बुडाखालचं जड पातं, नाही, दोन आहेत, डावी-उजवी. पोर्ट्समथच्या खाडीत उधाणाला चारेक मीटर पाणी चढतं-उतरतं, मग ओहोटीला नुसता चिखल. आपली होडी ओहोटीला कुशीवर कलंडायची आणि तू आत झोपलेला बाहेर गडगडायचास. ही चिखलात सरळ उभी राहते, कपातला चहासुद्धा हलत नाही. गरिबाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, कारण मरिनात, म्हणजे बोटींच्या खासगी धक्क्यात, जागा घेतली तर वर्षाचं भाडंच बोटीच्या किमतीच्या वर जातं. चिखलातलं मूरिंग, म्हणजे बोट बांधून ठेवायची जागा, काहीशे पौंडांत मिळतं.

किंमत अडीच हजार पौंड. मालक ऐंशीच्या पुढचा, निवृत्त मास्तर. गोड माणूस. बोट यार्डात जमिनीवर उभी आहे. म्हणाला, इंजिन एका बटणात सुरू होतं. आणि झालंही! पण त्याआधी तो केटल भरायला गेला तेव्हा मी झाकणाखाली हात घालून पाहिला. इंजिन कोमट. शिडीच्या मागे अर्धी बादली पाणी, त्यात नळी सोडलेली. म्हणजे मी यायच्या आधी म्हाताऱ्याने खटपट करून ते जागं करून ठेवलं होतं. भाऊकाकांनी वेंगुर्ल्याच्या त्या माणसाचं मशीन असंच हात लावून पकडलं होतं, आठवतं? त्यांनी त्याला भर बंदरात शिव्या घातल्या. मी चहा प्यालो आणि दोन हजारांवर आणलं.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळं बूड ठोकत फिरलो. चांगल्या फायबरचा आवाज टणक येतो, थर सुटले असतील तिथे भद्द. डावी बाजू टणक. पुढचा भाग टणक. उजव्या कीलच्या वर, मागच्या टोकाशी, भद्द. खाली वाकून पाहिलं तर कील जिथे बुडाला बसते तिथे केसाएवढी चीर, आणि तिच्यातून तांबूस ओघळ. सँडविचच्या कागदाने पुसला. वर चढून आतली फळी काढली तर तळाला बोटभर काळं पाणी, त्यात बोल्टाचं गंजलेलं डोकं. खाली येऊन बघतो तर पुसलेली जागा पुन्हा ओली. आतलं पाणी बोल्टाच्या वाटेने बाहेर झिरपतंय. आत येतं की बाहेर जातं याने जमिनीवर फरक पडत नाही, पाण्यात पडेल.

हे सेंटॉरचं जगजाहीर दुखणं आहे. वर्षानुवर्षं चिखलात बसत-उठत कीलच्या वरचं बूड लवत राहतं. शहाण्या मालकांनी आतून फायबरचे आडवे पट्टे भरून ते मजबूत करून घेतलंय. मास्तरने पन्नास वर्षांत केलं नाही. त्याची बायको म्हणे बोटीत ड्रिल लावू देत नसे.

आता माझा हिशेब बघ. हाताशी चार हजार. बोट दोन हजार. एवढ्या जुन्या बोटीला सर्व्हेशिवाय, म्हणजे तज्ज्ञाच्या तपासणीशिवाय, विमा मिळत नाही आणि विम्याशिवाय मूरिंग देत नाहीत, म्हणजे सर्व्हेअरचे पाचशे आलेच. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा दहा वर्षांहून जुन्या असल्या की विमावाले नाक मुरडतात, आणि या तारा बदलल्याचं मास्तरला आठवत नाही. त्यांचे हजार-बाराशे. क्रेन, बुडाचा रंग, बॅटरी. कीलचं काम यार्डाला दिलं तर बोटीएवढा खर्च. समुद्रात न्यायला मात्र लायसन्स लागत नाही! स्कूटरला लागतं, २६ फुटी बोटीला नाही. इंग्रजांचं काही कळत नाही.

आणि रात्री झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने. घेतली आणि नाही जमलं तर ती टाकायची कुठे? लाकडाची होडी मेली तर निदान बंब तापतो. फायबर कुजत नाही, जाळता येत नाही, मोडीत काढायलाही उलट आपणच पैसे मोजायचे. मास्तर एवढ्या स्वस्तात का देतोय ते आता तुझ्या लक्षात आलं असेल.

आपल्या होडीचा तू उल्लेख करणारच, म्हणून मीच करतो. तिला काजूच्या टरफलांचं तेल लावताना दोघांचे हात सोलवटले, आठवडाभर जेवताना चमचा. एवढं करून ती पहिल्याच पावसात देवबागच्या खाडीतून वाहून गेली. दोर तू बांधला होतास, दत्तू. गाठ तुझी. तू काय वाट्टेल ते सांग, वहिनीसमोर सांग, पोरांसमोर सांग. गाठ तुझी.

बरं, तुझं काय? तन्वीच्या सीईटीचं झालं का? घराशेजारच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या होत्या त्याची परवानगी आली की अजून हेलपाटेच चाललेत? काकींचा डोळा कसा आहे? लिही.

आता ते चार हजार कुठले, हे तू विचारणारच. ते गणपतीचे आहेत. चौघांची तिकिटं, भेटवस्तू, घराच्या वाशांसाठी भावाला द्यायचे. तुला मी शब्द दिलाय की यंदा चतुर्थीला नक्की, आणि तू म्हणे भजनी मंडळात माझं नावही घातलंस. बोट घेतली तर येणं नाही. सरळ हिशेब आहे, त्यात पळवाट नाही. मी शोधली.

स्मिता म्हणेल, कर्जाचे हप्ते चालू आहेत आणि तुला बोट सुचते. बरोबर म्हणेल. मी दिवसभर हॉस्पिटलच्या तळघरात सलाइनची खोकी मोजतो, संध्याकाळी बसमधून खाडी दिसते, भरती असली की पाणी रस्त्याला टेकलेलं. एवढंच कारण आहे. तिला हे सांगून पटणार नाही, कारण कारण म्हणून ते काहीच नाही. तू "गाबतो खंयचो", मच्छीमार कुठला, म्हणशील, पण तुला कळेल.

मास्तरला रविवारपर्यंत कळवायचंय. तू एक काम कर. दांडीच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करतो ना, तुझ्या मेव्हण्याचा मित्र, त्याला नीट विचार: बोल्टाशी चीर असेल तर गंजलेले बोल्ट बदलून, आतलं सगळं कोरडं करून, घासून, मॅट (फायबरचं कापड) आणि रेझिनचे पट्टे माणूस स्वतः भरू शकतो का? किती थर? कोरडं व्हायला किती दिवस द्यायचे? इथे थंडी आहे हे त्याला सांग, रेझिन थंडीत नीट धरत नाही. तो हो म्हणाला तर कीलचं काम यार्डाऐवजी माझ्या हातून, काहीशे पौंडांत होतं आणि चार हजारांत सगळं कसंबसं बसतं. तो नाही म्हणाला तर मी तिकिटं काढतो. त्याला माझ्या बाजूने पढवू नकोस, आणि गणपतीला मी यावं म्हणून उलटंही पढवू नकोस. तुला ओळखतो मी.

तुझा,
सुध्या

ता. क. वहिनीला सांग, कोकम पाठवू नको, मागचं अजून शिल्लक आहे. तिरफळं मात्र संपली.