रडणाऱ्याला गप्प करू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अवकाळी पावसाने किंवा गारांनी द्राक्षबागा झोडपल्या की आपल्या अंकात आडव्या झालेल्या मांडवांची छायाचित्रे येतात, पंचनाम्यांच्या बातम्या येतात. त्यानंतर त्या घरांत काय चालते ते मी थोडे जवळून पाहिले आहे. माणसे भेटायला येतात, ओट्यावर बसतात, चहा होतो आणि कोणीतरी म्हणतेच, ‘देवाची मर्जी. रडून काय होणार? धीर धरा.’ निवृत्त होईपर्यंत मी नाशिकच्या एका रुग्णालयात परिचारिका होते. तिथेही वॉर्डाबाहेर बसलेल्या आयाबायांना हेच ऐकवले जायचे. म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण देवाचे नाव घेऊन कोणाचे रडे थांबवणे मला पटत नाही आणि न पटण्याचे कारण माझ्या श्रद्धेतच आहे. म्हणून हे पत्र.

मी ख्रिस्ती आहे, शरणपूर रोडला राहते. आमच्या पवित्र शास्त्रात स्तोत्रसंहिता नावाचे पुस्तक आहे. त्यात १५० स्तोत्रे आहेत. त्यांतली बरीच दावीद राजाच्या नावावर, काही देवळातला गायक आसाफ याच्या, काही कोरहाच्या वंशजांच्या. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावे स्तोत्र मिशनच्या शाळांत शिकलेल्या अनेक हिंदू-मुस्लिम वाचकांनाही आठवत असेल. ते सुंदर आहेच. पण सबंध पुस्तक तसे हिरव्या कुरणातले नाही. त्याचा सुमारे तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा देवाला विचारलेला आहे. चव्वेचाळिसाव्यात तर भक्त थेट म्हणतो की, प्रभू, जागा हो, झोपलास कशाला? बाविसावे स्तोत्र ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ या आकांताने सुरू होते आणि वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडी तेच शब्द आले. हे सगळे देवळातल्या उपासनेत म्हटले जाणारे पुस्तक आहे. कोणी ही स्तोत्रे अभद्र म्हणून बाजूला काढली नाहीत. पिढ्यानपिढ्या भक्तांनी ती देवासमोर मोठ्याने म्हटली.

एकोणचाळिसावे स्तोत्र मला या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यातला माणूस आधी ठरवतो की आपण तोंड उघडायचे नाही, लगाम घालायचा, चांगलेसुद्धा बोलायचे नाही. म्हणजे आपण भेटायला जाऊन सांगतो ते तो आपणहून करून बघतो. त्याने काय होते? दुःख कमी होत नाही, चिघळते. आतल्या आत काळीज तापते, विस्तव पेटतो, आणि मग तो बोलतो. शेवटी देवालाच विनवतो की, माझी आसवे पाहून तू गप्प राहू नकोस. गप्प न राहण्याची विनंती माणूस देवाला करतो आहे, आणि आपण मात्र देवाच्या वतीने माणसाला गप्प बसवतो.

या स्तोत्राशी आपल्या गावाचा एक धागा जोडलेला आहे. तो नाशिककरांना फारसा ठाऊक नाही. शरणपूर ही वस्ती १८५४ साली मिशनने वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले त्या काळात इथे आणली गेली, इथल्या शाळेत शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ साली आजच्या झांबियात वारला तेव्हा त्याचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरण्यात आले आणि दफनविधीची प्रार्थना वाचली ती या वेनराइटने. पुढे मृतदेहासोबत तो इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदेकऱ्यांमध्ये होता. इंग्लंडच्या मंडळीच्या (चर्च ऑफ इंग्लंडच्या) जुन्या प्रार्थनापुस्तकातल्या दफनविधीत दोन स्तोत्रे छापलेली आहेत, एकोणचाळिसावे आणि नव्वदावे. नव्वदाव्याचा आरंभ असा की, हे प्रभू, पिढ्यानपिढ्या तूच आमचे निवासस्थान आहेस. लहानपणी ज्याचे घर, आईबाप, भाषा सगळे हिसकावून नेले, अशा मुलाला या ओळीतून काय मिळाले असेल, याचा मी शरणपूरच्या रस्त्याने जाताना पुष्कळदा विचार करते.

आता बागेचे सांगते. माझ्या धाकट्या भावाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीला निफाड-दिंडोरीकडे गारपीट झाली, तीत ती गेली. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन घड धरले होते, फवारण्यांवर पैसा ओतला होता. पाने चिंध्या झाली, काडीला जखमा झाल्या, मण्यांना मार बसला आणि ओल राहिल्यामुळे डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती वेगळीच. थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवून, पहाटे पाणी देऊन ज्याने आधीची वर्षे एकेक मणी तडकण्यापासून वाचवला, त्याने उपासनेला यायचे सोडले. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, माणसे समजूत घालायला गेली. त्यांनी सर्वस्व गमावूनही देवाला न सोडणाऱ्या शास्त्रातल्या ईयोबाचे उदाहरण दिले, धीराचे दिले. तो हात जोडून ऐकायचा आणि उठून जायचा.

मी गेले तेव्हा त्याच्यासमोर आसाफाचे ऐंशिवे स्तोत्र वाचले. त्यात देवाने मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, एक द्राक्षवेल आणली. तिच्यासाठी जागा साफ केली, ती लावली, तिने मूळ धरले, देश भरून टाकला, डोंगर तिच्या सावलीखाली आले. आणि मग प्रश्न येतो की, तू तिचे कुंपण का मोडलेस? येणारा-जाणारा तिला ओरबाडतो, रानडुक्कर तिची नासाडी करते. रानडुकराशी भाऊ थांबला. म्हणाला, “ताई, हे शास्त्रात आहे? परत वाच.” मी परत वाचले. मग त्याने विचारले, “हा आसाफ देवाला म्हणतो की कुंपण तूच मोडलंस?” मी म्हटले, “हो, तसंच म्हणतो.” त्यानंतर तो बराच वेळ बोलला. देवाशीच बोलला, मी फक्त शेजारी होते. त्यातले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण गारांनंतर त्याने केलेली ती पहिली प्रार्थना होती आणि ती प्रार्थनाच होती असे मी खात्रीने म्हणते.

स्तोत्रातली वेल म्हणजे इस्राएल राष्ट्र, हे मला माहीत आहे. ते स्तोत्र पिकाच्या नुकसानीबद्दल लिहिलेले नाही. पण ज्याने वेल लावली त्यालाच जाब विचारायचा आणि त्याच दमात त्यालाच म्हणायचे की, आम्हाला परत उभे कर, तुझे तोंड आमच्याकडे वळव, म्हणजे आम्ही वाचू. ही विनवणी त्या एका स्तोत्रात तीन वेळा आली आहे. तक्रार आणि आशा तिथे एकाच तोंडून निघतात. ज्याच्याकडून काही मिळण्याची आशाच संपली, त्याच्या दारात कोणी गाऱ्हाणे घेऊन जात नाही. देवाची दया मला इथे दिसते. गाऱ्हाणे ऐकून तो दार लावून घेत नाही, उलट ते त्याने स्वतःच्या पुस्तकात जपून ठेवले आहे.

रुग्णालयातल्या माझ्या नोकरीत दोन स्तोत्रे मला रोज उपयोगी पडली. एक म्हणजे एकशे तिसावे. खोल गर्तेतून मारलेली ती हाक आहे. पहारेकरी पहाटेची जितकी वाट पाहतात त्याहून माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असे त्यात आहे आणि ती पहारेकऱ्यांची ओळ लगेच पुन्हा येते. ती दोनदा का यावी, हे रात्रपाळी केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तीन-साडेतीनला पेशंट सर्वांत जास्त घाबरतात. सलाईन उतरत असते, शेजारच्या खाटेवरचा कण्हत असतो, घड्याळ पुढे सरकत नाही. त्या वेळी ‘काही होत नाही, झोपा’ म्हणून पुढच्या खाटेकडे जाता येते. किंवा खाटेपाशी उभे राहून, ‘उजाडायला अजून वेळ आहे, मी इथे आहे,’ असेही म्हणता येते.

दुसरे एकेचाळिसावे. त्यात लिहिले आहे की, माणूस आजाराने अंथरुणाला खिळला की परमेश्वर त्याला सांभाळतो, त्याचे अंथरूण बदलतो. देव अंथरूण बदलतो! हे काम करणाऱ्यालाच कळते. उठू न शकणाऱ्या पेशंटला एका कुशीवर वळवायचे, ओली चादर गुंडाळत मधोमध आणायची, कोरडी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर. पाठीला बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. जास्त करून हे काम आया, मामा आणि आम्ही सिस्टर करायचो. यात मानमरातब काही नाही. दावीदाने देवाच्या दयेचे वर्णन करायला सिंहासन सोडून हे काम निवडले, याचा मला नोकरीभर आधार वाटला.

नातेवाइकांचे आणखी एक दुःख असते, ते बाहेर पडत नाही. ‘लवकर आणलं असतं तर.’ ‘मीच म्हटलं, सकाळी बघू.’ शेतात नुकसान झाले तरी तेच, की कर्ज मीच काढले, ही जात मीच लावली. खरा अपराध असेल तर एक्कावन्नावे स्तोत्र आहे. नाथान संदेष्ट्याने तोंडावर पाप दाखवल्यावर दावीदाने त्यात कुठलीही सबब न सांगता दयेची भीक मागितली आहे. पण यांतल्या बहुतेकांचा अपराध नसतोच. ते थकलेले, पैशाने नडलेले, माहिती नसलेले लोक असतात. त्यांच्यासाठी मी एकशे तिसरे वाचते. बाप मुलांवर ममता करतो तशी परमेश्वर करतो, कारण आपण मातीचे आहोत हे त्याच्या ध्यानात आहे. देव आपल्याकडून करतो त्यापेक्षा जास्त अपेक्षा आपणच स्वतःकडून करतो.

ही भाषा नाशिकला परकी नाही. समर्थ रामदासांनी टाकळीला तप केले. त्यांची करुणाष्टके पंचवटीतल्या घराघरांत संध्याकाळी म्हटली जातात. त्यांतही तापलेला, एकटा पडलेला जीवच देवाला बोलावतो आहे. माझ्या वॉर्डात पंचवटीच्या एक आजी होत्या. मी स्तोत्र म्हणायचे, त्या त्यांचे अष्टक म्हणायच्या. आमच्यात कधी वाद झाला नाही. आमचे धर्म वेगळे आहेत, ते एकच आहेत असे मी म्हणणार नाही. पण देवापुढे रडायचे असते हे दोघींनाही घरातूनच शिकवलेले होते.

आता माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी थोडे स्पष्ट. आपल्याकडे काही जण म्हणतात की, मन खचले म्हणजे विश्वास कमी पडला. त्यांनी अठ्ठ्याऐंशिवे स्तोत्र वाचावे. ते अंधारात सुरू होते आणि अंधाराच्याच शब्दावर थांबते, शेवटी स्तुतीची एक ओळही नाही. तरी ते शास्त्रात आहे आणि ते म्हणणारा रात्रंदिवस देवालाच हाक मारतो आहे. ज्याला आज स्तुती करता येत नाही त्यालाही देवाने शब्द दिले आहेत. अशा माणसाला विश्वासाचे धडे देऊ नका, त्याच्यापाशी बसा. आणि तो जगणे नको म्हणू लागला तर स्तोत्रावर भागवू नका, डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येते. औषध आणि प्रार्थना यांत मला कधी भांडण दिसले नाही.

एकशे छत्तिसावे स्तोत्र आम्ही महिला मंडळात म्हणतो. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचे, ‘त्याची दया सनातन आहे.’ असे २६ वेळा. आभाळ, तारे, समुद्र, लढाया, सगळे होऊन शेवटाकडे ते येते अन्नावर, की तो सर्व प्राण्यांना खायला देतो. ज्या घरी नुकतेच काही घडले आहे तिथे हे स्तोत्र मी पहिल्या दिवशी काढत नाही. आधी तेरावे, ऐंशिवे, अठ्ठ्याऐंशिवे. त्या घरच्या माणसांचे बोलून होऊ द्यावे. २६ वेळा उत्तर द्यायला आवाज लागतो, आणि तो परत यायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर उत्तर आपण बाकीच्यांनी द्यावे.

आमच्या पाळकसाहेबांना मी विनंती केली आहे की, यापुढे गारपीट, अवकाळी किंवा घरातला मृत्यू अशा वेळी तेविसाव्यासोबत यांतले एक तरी स्तोत्र उपासनेत मोठ्याने वाचावे आणि त्यानंतर लगेच उपदेश करू नये. त्यांनी होकार दिला आहे. जिल्ह्यातल्या इतर मंडळ्यांनीही विचार करावा. आणि आपल्या सर्वच वाचकांना विनंती की, भेटायला जाल तेव्हा ‘रडू नका’ म्हणू नका. पंचनाम्याचे कागद भरायला मदत करा, जनावरांना चारा टाका, दोन वेळचा डबा न्या, आणि घरचा माणूस देवाशी भांडू लागला तर त्याला मध्येच तोडू नका.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
शरणपूर रोड, नाशिक