गौंडीमामा, हे पत्र तुम्हाला

गौंडीमामा, नमस्कार.

दवाखान्याच्या चौकातल्या बागेचं काम मे महिन्यात संपलं आणि उद्घाटन दिवाळीनंतर झालं, कारण पाहुणे तेव्हा मोकळे झाले. स्टेजवर शाल, श्रीफळ, कुंद्याचे डबे, सगळं यथासांग झालं. आम्हा आर्किटेक्चरच्या मुलांनाही प्रमाणपत्रं मिळाली. तुम्ही त्या दिवशी कंग्राळीला दुसऱ्या कामावर होता आणि तुमचं नाव कुणी घेतलं नाही. म्हणून चारचौघांत लिहितेय. तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवीलच.

तुम्ही हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, घेतलीत, ती घ्यायलाच हवी होती. पण हजेरीत न बसणारं बरंच काही तुमच्याकडून आम्हाला मिळालं.

तीन बाजूंना वॉर्ड, चौथ्या बाजूला स्वयंपाकघराची भिंत, मध्ये मोडक्या खाटा आणि नातेवाइकांचे वाळत घातलेले कपडे, असा तो चौक. ड्रॉइंग तुमच्यासमोर पसरलं तेव्हा तुम्ही झाडांकडे पाहिलंही नाही. "पाणी येतंय कुठनं आन् जातंय कुठं, ते आधी सांगा की ओ," एवढंच विचारलंत. बेळगावात जूनमध्ये पाऊस लागला की गणपतीपर्यंत हटत नाही. त्यात दवाखाना. चार दिवस पाणी साचलं की डासांची अंडी आलीच, आणि बरं व्हायला आलेला माणूस डेंगी घेऊन घरी जायचा. कारंजं हवं असं वरून सांगणं आलं होतं, ते तुमच्या त्या एका प्रश्नावर गळालं.

चहाच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, "झाडं बघून माणूस बरं होतंय व्हय?" तेव्हा मी तुम्हाला संशोधक रॉजर उलरिच यांचा अभ्यास सांगितला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका दवाखान्यातल्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले, त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. १९८४ साली हे छापून आलं आणि तेव्हापासून दवाखान्यातल्या बागेचा विषय निघाला की हाच दाखला देतात. तुम्ही ऐकून घेतलंत, कप विसळलात आणि म्हणालात, "खिडकीतनं बघून एवढं, तर खाली उतरून बघितल्यावर किती? पन उतरणार कसं, ते बघायला पायजे." माझ्या मते बागेचं सगळं डिझाइन त्या वाक्यात आलं. हिरवळीचे फोटो सगळे काढतात, पण रुग्णाला बागेपर्यंत नेते ती फरशी.

व्हरांडा चौकापेक्षा दीड फूट उंच. नियमाप्रमाणे १२ फुटाला १ फूट चढ चालतो, म्हणजे १८ फुटांचा रॅम्प. तुम्ही तो भिंतीकडेनं लांबवून साडेबावीस फुटांचा केलात, १५ला १. कारण विचारलं तर म्हणालात, खुर्चीत बसणाऱ्याचं सोडा, मागनं ढकलणारी कोण असती? कुणाची तरी आई न्हाईतर सून, रात्रभर जागलेली. आमच्या पुस्तकांत खुर्चीत बसणाऱ्याचा विचार बारकाईने केलेला असतो, ढकलणारीचा मला कुठे वाचल्याचं आठवत नाही. खानापूर-चंदगडाकडून पेशंटबरोबर येणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या होत्या.

आणि ती छिन्नीची टाकी! शहाबादी फरशी पावसात शेवाळून गुळगुळीत होते. जात्याला लावतात तशी तुम्ही प्रत्येक फरशीला टाकी लावलीत, चालायच्या दिशेला आडवी. पाय घसरू नये इतकी खरबरीत, पण सलाईनचा स्टँड ढकलताना खडखडून हाताची सुई दुखू नये इतकी हलकी. सांधे फरशीबरोबर भरून घेतलेत, कारण व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं फटीत अडकतात. लेव्हल मात्र मशीनवर नाही, पाण्याच्या नळीवर. एक टोक माझ्याकडे, दुसरं तुमच्याकडे, आणि "आधी बुडबुडा काढ पोरी, हवा ऱ्हायली की नळी खोटं बोलती." शेवटी घागरभर पाणी ओतून उकिडवे बसलात. पाणी जाळीकडे निघालं, एका कोपऱ्यात बोटभर घुटमळलं. तुम्ही न बोलता त्या दोन फरशा उचकटल्यात. संध्याकाळ झाली होती, मजूर कानडीत कुरकुरत होते, तुम्ही त्यांना कानडीतच गप्प केलंत.

झाडांचं श्रेय आमचं, ते मी देत नाही कुणाला! पारिजातक, अनंत, गवती चहा, ओवा लावला. कण्हेर विषारी म्हणून टाळली. पण चिऱ्याचे अडीच फुटी वाफे बांधताना खाली गुडघे जायला जागा सोडलीत, म्हणून खुर्चीतला माणूसही माती हातात घेऊ शकतो. अर्धांग झालेले एक आजोबा फिजिओथेरपीच्या वेळी तिथे डाव्या हाताने ओव्याची पानं खुडतात. रात्रपाळीच्या सिस्टर सकाळी घरी जायच्या आधी दहा मिनिटं बाकावर टेकतात. पावसाळाभर कुणी घसरल्याचं ऐकलं नाही.

आता एक काम आहे. आमच्या खालच्या वर्गाला नळी धरायला आणि टाकी लावायला शिकवायला याल का? सरांशी बोलून ठेवलंय, हजेरी कॉलेज देणार आहे. शनिवार सोडून कुठलाही दिवस सांगा, शनिवारी बाजार असतो तुमचा.

तुमची,
चौथ्या वर्षाची एक विद्यार्थिनी