आठवणी तपासायलाही शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मौखिक इतिहास शिकवायचा म्हणजे मुलांच्या हाती प्रश्नांचा छापील कागद द्यायचा आणि आजी-आजोबांकडून तो भरून आणायला सांगायचे, असा समज झालेला दिसतो. मग ‘आमच्या वेळी असे नव्हते’ छापाची दोन पाने वहीत चिकटतात, गुण पडतात, विषय मिटतो. यात इतिहास कुठे आला?

ऐकलेले जुन्या कागदपत्रांशी, त्या वेळच्या वर्तमानपत्रांशी, दुसऱ्या कुणाच्या आठवणींशी मुलांना ताडून पाहायला लावले तरच या खटाटोपाला अर्थ आहे. यावर हमखास ऐकू येते, की म्हाताऱ्या माणसांचा काय भरवसा, सनावळ्या चुकतात. चुकतातच. इटलीतील तेर्नी येथे लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण पोलाद कामगार ‘नाटो’विरोधी निदर्शनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीला बळी पडला, तो १७ मार्च १९४९ रोजी. पुढे मौखिक इतिहासाचे इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या कामगारांना बोलते केले, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३च्या कामगार कपातीविरुद्धच्या लढ्यात नेऊन बसवला. पोर्तेल्ली ‘चूक’ असा शेरा मारून थांबले नाहीत. ती का झाली, याचा त्यांनी शोध घेतला. आपला सोबती हकनाक गेला आणि आपल्याला काहीच करता आले नाही, हे लोकांना पचत नव्हते. तो पोटापाण्याच्या लढाईत पडला असे म्हटले, की त्या मरणाला अर्थ येत होता. तारीख दफ्तरात सापडते. ही बोच तिथे नसते.

विचारणारा कोण, यानेही उत्तर बदलते. अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात गुलामगिरी भोगलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती सरकारी योजनेतून घेतल्या गेल्या. त्यांपैकी चार्ल्सटनच्या सुसान हॅम्लिन यांच्याकडे मुलाखतीला एकदा गोरी बाई गेली, एकदा कृष्णवर्णीय पुरुष. पहिलीला मालक बराच दयाळू असल्याचे ऐकायला मिळाले. दुसऱ्याला फटके आणि आईपासून तोडून विकलेली मुले. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वर्गात तासभर चर्चा होऊ द्या. इतिहासाच्या साधनांची चिकित्सा यावर निराळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

सरावही हवा. ‘खूप त्रास झाला का?’ असे विचारले, की ‘हो’ म्हणून माणूस मोकळा होतो. ‘त्या दिवशी सकाळपासून काय काय झाले?’ म्हटले, की बोलू लागतो. तो मध्येच थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही, हे मुलांना (आणि मोठ्यांनाही) फार जड जाते. ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घ्यावी, आणि एखादा विषय नको म्हटला तर तो तिथेच सोडावा.

गुण द्यायचेच तर किती पाने भरली यापेक्षा काय ताडून पाहिले, कुठे जुळले नाही, याला द्यावेत. आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी पोहोचती करावी. एवढे साधे सौजन्य अशा प्रकल्पांत बहुधा राहूनच जाते.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक