पहिला वस्तरा घेताना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत भेटवस्तूंविषयी आलेल्या मजकुरात लाकडी पेटीतल्या वस्तऱ्याच्या संचाची शिफारस वाचली. घरच्या घरी वस्तऱ्याने दाढी करण्याची हौस तरुणांमध्ये पुन्हा दिसू लागली आहे आणि बरीच वर्षे रोज वस्तराच वापरणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा आनंदच आहे. मात्र त्या मजकुरात मुठीच्या नक्षीचे आणि पेटीच्या मखमलीचे जेवढे कौतुक होते, तेवढे पात्याविषयी नव्हते, म्हणून हे पत्र.

ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिळणारे, पात्यावर लाटांची नक्षी असलेले बहुतेक वस्तरे शोभेचे असतात. ‘धार लावून घेतली की झाले’ असे विक्रेते सांगतात, पण पाते मुळातच चुकीचे घडवलेले असेल तर त्याला कोणीही दाढीची धार लावू शकत नाही. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचे तसे नाही. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, त्यामुळे धारेचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावरून आपोआप ठरतो. पाते १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर हा कोन १६ अंशांच्या आसपास येतो आणि तो दाढीला योग्य असतो. पाठ याहून बरीच जाड ठेवली, पाते किंचित पिळलेले राहिले किंवा पोलाद मऊ निघाले, तर दगडावर कितीही घासले तरी केस कापण्याऐवजी ओढले जातात. पाते सपाट काचेवर हलकेच ठेवून ते डुगडुगते का एवढे पाहिले, तरी निम्मी फसवणूक टळते. कागद कापून दाखवणाऱ्या चित्रफितींवर विसंबू नये. कागद स्वयंपाकघरातली सुरीही कापते.

मग घ्यावे काय? पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजण्याची पद्धत आहे; नवशिक्याने पाच-अष्टमांश किंवा सहा-अष्टमांश इंचाचे, म्हणजे साधारण १६ ते १९ मिलिमीटरचे पाते घ्यावे. त्याहून अरुंद पाते फेसाने लगेच भरते, तर रुंद आणि जड पाते नाकाखाली वळवताना नवख्या हाताची परीक्षा पाहते. टोक गोलच हवे. चौकोनी टोक कोरीव मिशी राखणाऱ्यांना उपयोगी पडते, पण नवख्याच्या कानाच्या पाळीवर पहिली खूण तेच करते. दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेले पाते दगडावर लवकर धार धरते, म्हणून पाचरीसारख्या जाड पात्यापेक्षा ते बरे. कार्बन स्टीलला धार लावणे तुलनेने सोपे, स्टेनलेसला गंज कमी. आमच्या कोकणातल्या पावसाळ्यात हा फरक चांगलाच जाणवतो. तरीही मी कार्बन स्टीलच सुचवीन, मात्र ते न्हाणीघरात ठेवू नये आणि पुसून कोरडे केल्यावर त्यावर खनिज तेलाचा पातळ हात फिरवावा.

पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मनीतील सोलिंगेन शहराचे नाव पात्यावर कोरण्याचा हक्क तिथल्या उत्पादकांसाठी १९३८ पासून कायद्याने राखलेला आहे, पण नकली शिक्क्यांना कायदा आडवा येत नाही. तिथला किंवा फ्रान्समधील तिएरचा नवा वस्तरा आपल्याकडे सहसा दहा हजार रुपयांच्या पुढेच पडतो. तेवढा खर्च नको असेल, तर जुना सोलिंगेनचा किंवा इंग्लंडमधील शेफील्डचा वस्तरा पाहावा; मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नशिबाने एखादा हाती लागतो. पाठीवरचा गंज घासून जातो, पण धारेलगत गंजाचे खड्डे असतील किंवा केसाएवढीही चीर दिसली, तर तो फुकटही घेऊ नये. हस्तिदंताची मूठ असेल तर हातही लावू नये, कारण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हस्तिदंताचा व्यापार बंद आहे.

नवा असो वा जुना, पहिल्या वस्तऱ्याची धार जाणकाराकडून लावून घेतलेली असावी. कारखान्यातून आलेली धारही अनेकदा दाढीच्या लायकीची नसते, आणि वस्तरा धरणे व दगड चालवणे ही दोन्ही कौशल्ये एकाच वेळी शिकायला निघालेला माणूस नेमके काय चुकते आहे हे ओळखू शकत नाही. त्यामुळे आठ-बारा हजार ग्रिटचे, म्हणजे अगदी बारीक कणांचे, धारेचे दगड पहिल्या वर्षी घेतले नाहीत तरी चालेल. चामड्याच्या पट्ट्यावाचून मात्र एक दिवसही निभत नाही. प्रत्येक दाढीपूर्वी पाठ पुढे आणि धार मागे ठेवून पट्ट्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या माराव्या लागतात. शिकताना तो पट्टा एकदा तरी कापला जातोच, म्हणून पहिला पट्टा साधाच घ्यावा, पण तीन इंच रुंद असावा.

सलूनमध्ये दिसणारा, अर्धे ब्लेड घालायचा वस्तरा सरावासाठी बरा, असे अनेक जण सुचवतात. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे ब्लेड लावता येते म्हणून सलूनमध्ये तोच हवा, यात वाद नाही. परंतु त्याचे वजन हलके आणि ब्लेडचे कोपरे तीक्ष्ण असल्याने तो नवख्याला अधिक कापतो, आणि त्याच्या अनुभवावरून खऱ्या वस्तऱ्याला नावे ठेवली जातात. खरा वस्तरा उकळत्या पाण्यात घालून निर्जंतुक करणे पात्याला आणि मुठीला मानवत नाही, त्यामुळे तो एकाच माणसाचा असावा. बाप-लेकांतही वाटून वापरू नये.

पुरवणीत यापुढे अशा संचांची शिफारस करताना पाते कोणत्या पोलादाचे आहे, त्याची रुंदी किती आणि धार लावून मिळते की नाही, एवढी माहिती विक्रेत्याकडून घेऊन किमतीशेजारी छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, चिपळूण